चार पावसाळे आणि एक कणकेची बाहुली
लेखमाला : पडद्यामागचं भय (भाग सातवा)

दिव्यांच्या अमावास्येला केलेल्या कणकेतली मूठभर कणीक यंदा उरली. शेजारचा सातवीतला मुलगा आमच्याकडे येऊन बसला होता. पाऊस धरलेला, शाळेला सुट्टी. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही त्या बाहुलीच्या सिनेमावर लिहिणार आहात ना? मग आपण बाहुली करून बघू या.’’ केली. वीतभर उंच, दोन हात, दोन पाय, डोळ्यांच्या जागी दोन मिरे. खिडकीच्या कट्ट्यावर भिंतीला टेकवून उभी केली आणि आम्ही चहा घ्यायला वळलो.

अर्ध्या तासाने पाहिलं तर बाहुलीचे हात खाली लोंबले होते. तासाभरात मान एका बाजूला कलली. गालावर आणि पोटावर बारीक भेगा पडल्या. तिला कुणी हात लावला नव्हता. पोरगा दोन पावलं मागे सरकला आणि माझ्याकडे बघायला लागला. मीही लगेच काही बोललो नाही.

यात भुताटकी काही नाही. मळताना कणीक ताणली जाते, मग ठेवून दिली की सैलावते. पोळ्या करणारी कोणतीही बाई कणीक मुरवत ठेवते ती याच सैलपणासाठी. उभी ठेवलेली कणीक स्वतःच्याच वजनाने खाली उतरते. वरची साय वाळून आकसते, आत ओल तशीच राहते, म्हणून भेगा. मुलाला हे सगळं समजावलं. त्याला ते पटलं. तरी जाताना त्याने बाहुलीकडे पाठ केली नाही.

गेल्या आठवड्यात आपण ‘एलियन’च्या सेटवर होतो. १९७८ साली इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत रिडली स्कॉटने जॉन हर्टच्या छातीतून तो किडा कसा बाहेर काढला, टेबलाभोवतीच्या नटांना रक्ताची चिळकांडी नेमकी किती आणि कुठे उडणार हे कसं पुरतं सांगितलेलं नव्हतं, खाटकाकडून आणलेल्या आतड्या-काळजांचा वास दिव्यांच्या उष्णतेने सेटभर कसा पसरला होता, हे सगळं पाहिलं. लेख छापून आल्यावर बडोद्याहून दोन फोन आले. दोघांचंही म्हणणं एकच : हे सगळं साहेबाचं झालं, आपलं काय?

आपला, म्हणजे मराठी मुलखातून आलेला, विज्ञान-भयपट म्हणावा असा अव्वल सिनेमा मला दाखवता येत नाही. पण विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही घरांत सारख्याच सहजतेने वावरलेला एक मराठी लेखक आहे, नारायण धारप. आणि त्यांच्या एका कथेच्या ठिणगीतून पेटलेला एक सिनेमा आहे, ‘तुंबाड’. तो भयपट आहे, विज्ञानपट नाही, हे आधीच कबूल करतो. तरी तो या मालेत का बसतो ते पुढे येईलच.

धारप आमच्या पिढीने वाचनालयातून आणून, वरचं पुठ्ठं फाटलेलं, कुणीतरी शेवटच्या पानावर शेरा मारलेलं, असं वाचलं. ‘नेनचिम’सारखी विज्ञान-कादंबरी लिहिणारा आणि ‘लुचाई’सारखी रक्तपिपासूंची कादंबरी लिहिणारा माणूस एकच. पाश्चात्य कल्पना उचलून त्यांना इतके मराठी कपडे घालायचे की मूळ कळू नये, हा त्यांचा हातखंडा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग आहे, आणि ‘तुंबाड’मधल्या आजीचं बीज ज्या ‘आजी’ कथेत आहे तिच्याही मागे किंगच आहे असं जाणकार सांगतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. कीर्तनकार आख्यान कुठून घेतो हे कुणी विचारत नाही, तो रंगवतो कसं ते बघतात.

‘तुंबाड’चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा. १९९३ साली, वय जेमतेम चौदा, हा नागझिऱ्याच्या अभयारण्यात मित्राबरोबर राहिला होता. रात्री मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली आणि याची झोप उडाली. पुढे कित्येक वर्षांनी त्याने ती कथा पुस्तकात वाचली, तेव्हा त्याची निराशा झाली. ज्याने घाबरवलं होतं ते छापलेल्या कथेत नव्हतंच. ते मित्राच्या सांगण्यात होतं, जंगलातल्या अंधारात होतं, आणि ऐकणाऱ्याच्या चौदा वर्षांत होतं.

मला या सिनेमाच्या साऱ्या गोष्टींमधली ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. कारण मग प्रश्न असा उरतो की जे कागदावर नाही ते पडद्यावर आणायचं कसं? राहीने १९९७ साली, अठराव्या वर्षी, पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. त्यानंतर सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. स्टोरीबोर्ड म्हणजे सिनेमाचं चित्रमय टिपण : कॅमेरा कुठे, माणूस कुठे, दार किती उघडं, कंदील कोणत्या हातात. साधारणपणे दिग्दर्शक अवघड प्रसंगांपुरतं हे काढून घेतो. सातशे पानं काढणाऱ्याने सिनेमा आधी कागदावर बघून टाकलेला असतो, आणि नंतरची वर्षं तो डोळ्यांपुढच्या त्या सिनेमाशी प्रत्यक्षातला सिनेमा ताडून बघत राहतो. या सवयीचा निर्मात्यांना केवढा ताप होतो हे वेगळं सांगायला नको.

आणि झालंही तसंच. सात निर्मिती संस्था आल्या आणि गेल्या. २००८ मध्ये नवाजुद्दीन सिद्दीकीला घेऊन काम उभं राहिलं होतं, तेही निर्माता मागे हटल्याने बसलं. त्याच वर्षी राहीने ‘मांजा’ नावाचा लघुपट केला. तो डॅनी बॉइलच्या नजरेत भरला आणि त्याने आपल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ब्लू-रे तबकडीवर तो घातला. शेवटी सोहम शाह निर्माता म्हणून उभा राहिला, नायक विनायकरावाची भूमिकाही त्यानेच घेतली. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं. संकलनाच्या टेबलावर ते जमलं नाही. मग पुन्हा लिहिणं, २०१५ मध्ये पुन्हा चित्रीकरण. ‘शिप ऑफ थीसिअस’वाला आनंद गांधी लेखनात आणि कलादृष्टीच्या बाजूने यात उतरला, कॅमेरा त्याच सिनेमाच्या पंकज कुमारकडे होता. १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा थिएटरात लागला. पहिल्या चित्रीकरणापासून सहा वर्षं. नागझिऱ्याच्या रात्रीपासून मोजली तर पंचवीस.

आता पाऊस.

बडोद्याहून जंबुसरच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात आमचा पादरा येतो. हा भाजीपाल्याचा तालुका. तोंडलीला इथे टिंडोळा म्हणतात आणि तिचे मांडव इतके बुटके की खालून जाताना मान वाकवावी लागते. मान वाकवली की पानावरचा थेंब नेमका मानेवर पडतो. पावसाचं बोलणं इथे रोजचं आहे. पण माझ्या मोबाइलने मी पावसाचे जेवढे फोटो काढले, त्यातल्या निम्म्यांत पाऊसच दिसत नाही. रस्ता ओला दिसतो, छत्र्या दिसतात, पाऊस गायब.

हे सिनेमावाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. खऱ्या पावसाचा थेंब बारीक आणि वेगात असतो. मागून उजेड आणि मागे काळोख असेल तरच तो कॅमेऱ्याला चकाकताना दिसतो. समोरून उजेड पडला की तो हवेत विरघळतो. म्हणून सेटवर पाऊस ‘लावतात’. टँकर उभा करायचा, पंप लावायचा, वर भोकं पाडलेले पाइप बांधायचे, थेंब जाडजूड पाडायचे, आणि मागून दिवा मारायचा. आपण आजवर हिंदी सिनेमात जी नायिका भिजताना पाहिली, ती बहुतेक वेळा टँकरच्या पाण्यात भिजली आहे. नीट पाहा, पंधरा फुटांपलीकडची झाडं अनेकदा कोरडी असतात आणि डोंगरावर लख्ख ऊन पडलेलं असतं.

‘तुंबाड’वाल्यांनी खरा पाऊस पकडायचं ठरवलं. त्याचा हिशेब असा. खरा पाऊस आला म्हणजे नुसते थेंब येत नाहीत. डोंगर काळा पडतो, दगडावर शेवाळ धरतं, मातीचा रंग बदलतो, लाकूड फुगतं, धुकं उतरतं. ढगांनी आकाश भरलं की सावल्या पुसल्या जातात. प्रकाश कुठून येतो हे कळेनासं होतं, आणि सकाळ आहे की संध्याकाळ तेही. तुंबाडच्या प्रसंगांत ऊन शोधून सापडत नाही. माणसाला वेळ कळेनासा झाला की तो निम्मा घाबरलेला असतोच. हे टँकरने होत नाही, कारण टँकर फक्त पाणी आणतो, आभाळ आणत नाही.

पण आभाळावर अवलंबून राहायचं तर आभाळाची नोकरी करावी लागते. सकाळी सगळे तयार, कंदील पेटलेला, आणि ऊन पडलं की दिवस वाया. अर्धा प्रसंग काळ्या ढगात झाला आणि उरलेला अर्धा उघडिपीत, तर दोन्ही तुकड्यांचा सांधा जुळत नाही. सिनेमाच्या भाषेत कंटिन्युइटी तुटते. मग पुढच्या ढगापर्यंत थांबा. ढग संपले तर पुढच्या आषाढापर्यंत थांबा. त्यांनी असे चार पावसाळे घेतले. पावसाळा थांबवता येतो, मुलं मात्र थांबत नाहीत. एका आषाढातून दुसऱ्या आषाढात पोर बोटभर उंच होतं, आवाज फुटतो, दात येतात. ज्या सिनेमाचा पहिला तृतीयांश लहान मुलांवर उभा आहे, त्याच्या दिग्दर्शकाने चार पावसाळ्यांचा जुगार खेळावा, याला धाडस म्हणायचं की हट्ट, ते तुम्ही ठरवा. मी हट्ट म्हणतो, आणि तो मला आवडतो.

यात एक गंमत आहे. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीवरून घेतलं आहे. खरं तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. नदीचं नावच जगबुडी, म्हणजे पावसाची भाषा तिथे कशी असेल ते कळतं. पण पडद्यावर ज्या वाड्याचं थोरलं दार आपण बघतो तो वाडा सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला, टँकरची वाट बघणारा. तिथे ढगांची वाट पाहणं म्हणजे काय, हे सासवडकरांना वेगळं सांगावं लागत नसेल.

बडोद्याच्या माणसाला या वाट पाहण्यावरून दुसरं कुणी आठवलं नाही तर तो बडोद्याचा नव्हे. धुंडिराज गोविंद फाळके १८९० साली थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. सयाजीरावांचं कलाभवन त्याच वर्षी सुरू झालेलं, प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर. चित्रकला, नमुने घडवणं, छायाचित्रण, सगळं तिथलं. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा, मग प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं, आणि ते परत बडोद्याला. इथे त्यांनी स्टुडिओ थाटला, पण धंदा चालेना. कारण लोकांत बोलवा झाली होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो.

यंत्राने माणसाचा जीव ओढून घ्यावा, ही कल्पना विज्ञान-भयकथेची आहे की नाही? ती आमच्या बडोद्यात सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी लेखकाने नव्हे, गिऱ्हाइकांनी रचली, आणि तिच्यामुळे एका फोटोग्राफरचं दुकान बसलं. फाळके मग नाटकांचे पडदे रंगवू लागले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करू लागले. फाळके उलटं वाचा, केळफा येतं.

१९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपली. मग ती पट्टी जोडून चालवली. मातीतून कोंब वर येतो, वळवळतो, पानं उघडतात, वेल चढते, सगळं मिनिटभरात. हा तुकडा पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केलं, आणि पुढच्या वर्षी ३ मेला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

त्या मिनिटभराला आज कुणी भयपट म्हणणार नाही. पण वेग वाढवलेली वेल तुम्ही एकदा पाहा. ती चाचपडते. टोक गोल गोल फिरवत आधार शोधते, सापडला की आवळते. आमच्या मांडवावरची तोंडलीची वेल दिवसभर हेच करत असते, पण आपल्याला तिचा वेग दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त भाजी तोडतो. फाळक्यांनी काळ दाबून ती हालचाल दाखवली. आणि ‘तुंबाड’मध्ये विनायक कित्येक वर्षांनंतर वाड्यात परततो, तेव्हा आजीच्या देहातून झाड उगवलेलं असतं. मुळं, फांद्या, मधोमध धडधडतं काळीज, आणि ती अजून बोलते. कुंडीतल्या वाटाण्यापासून या आजीपर्यंतची वाट मला तरी सरळ दिसते. जाता जाता एक : सिनेमात लहानपणचा विनायक झालेल्या मुलाचं नाव धुंडिराज आहे, धुंडिराज जोगळेकर. योगायोग म्हणून सोडून द्या.

या आजीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. झाड झालेली, कातडी गळून गेलेली आजी पडद्यावर साकारली आहे मोहम्मद समद या मुलाने. ‘गट्टू’मध्ये दिसला होता तोच. आणि याच सिनेमात विनायकरावाचा मुलगा पांडुरंगही तोच आहे. म्हणजे घराण्यातली सर्वात म्हातारी आणि सर्वात धाकटा, दोघांच्या आत एकच पोरगं. तासन्‌तास प्रॉस्थेटिक चढवून घेत बसायचं, मग त्या ओझ्याखाली अभिनय करायचा.

प्रॉस्थेटिक म्हणजे नुसता मुखवटा नव्हे. आधी माणसाच्या चेहऱ्याचा साचा घेतात, त्या साच्यावर हवा तो चेहरा घडवतात, मग लवचिक पदार्थाचे पातळ तुकडे ओततात आणि ते डिंकासारख्या चिकट द्रव्याने कातडीवर बसवतात. कडा जितक्या पातळ तितकं काम उत्तम. डोळ्याखाली, ओठांच्या कोपऱ्यात तुकडा जाड राहिला की हसताना तो हसत नाही आणि सगळं सोंग उघडं पडतं. प्रौढाच्या अंगावर असे थर चढवले की माणूस फुगतो. आजी मात्र झिजलेली हवी. चिपाडासारखी. लहान मुलाच्या अंगावर थर चढवूनही आकार आटोपशीर राहतो. हे माझं अनुमान, पण सुताराच्या गणिताएवढं साधं आहे.

‘एलियन’मध्ये याच्या नेमकं उलट झालं होतं ते आठवा. तिथे राक्षसाच्या पोशाखात बोलाजी बडेजो नावाचा जवळजवळ सात फूट उंच, काटकुळा नायजेरियन विद्यार्थी घातला, कारण पाहणाऱ्याला आत माणूस आहे अशी शंकाच येऊ नये. आणि त्याच सिनेमात परग्रहावरचं अवाढव्य यान आणखी मोठं दिसावं म्हणून स्कॉटने स्वतःच्या मुलांना छोटे अंतराळवेष घालून मोठ्या माणसांच्या जागी चालवलं होतं. उंच माणूस, लहान मूल, साचे, डिंक, खाटकाकडचा माल. भयाचं दुकान या वस्तूंवर चालतं. संगणकावरची कारागिरी ‘तुंबाड’लाही आहे, स्वीडनच्या फिल्मगेट कंपनीने ती केली, पण ती हाताने केलेल्या कामाला जोड म्हणून येते. जिथे निव्वळ संगणक आहे तिथे माझी नजर हस्तरच्या कातडीवरून घसरते, जिथे चिखल आहे तिथे ती अडकते.

हस्तर हा देव आपल्या कोणत्याही पुराणात नाही. नावाचं साम्य शोधायचं तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्स नावाच्या अमेरिकन लेखकाच्या कथेत त्याच्या जवळचं नाव सापडतं. पण गोष्ट मात्र आपल्या आजीने सांगावी तशी रचली आहे. पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा. सोनं त्याने घेतलं, धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला फोडून काढलं. आईने गर्भात लपवून वाचवला, अट एवढीच की त्याची पूजा कधी होणार नाही. म्हणून तो सोन्याने भरलेला आणि कायमचा भुकेला आहे. त्याला पिठाची बाहुली टाकायची, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतून सांडणाऱ्या मोहरा उचलायच्या, आणि पिठाच्या रिंगणात सुरक्षित राहून दोरीने वर यायचं.

हा सिनेमा या मालेत का बसतो ते पुढे येईल, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. ते आता सांगतो. विनायकराव हस्तरकडे विहिरीत उतरतो तो भक्तासारखा नाही, प्रयोगशाळेतल्या माणसासारखा. एका बाहुलीत किती वेळ मिळतो, त्या वेळात किती मोहरा निघतात, रिंगण किती रुंद हवं, दोर किती लांब. मुलाला तो हेच शिकवतो, तालीम घेऊन. चांगल्या विज्ञानकथेत जसे नियम आधी सांगून टाकतात आणि मग माणूस आपल्याच हुशारीने त्या नियमांत अडकतो, तसंच इथे. मुलगा म्हणतो, एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ. गणित बरोबर आहे. बाहुल्या जितक्या, हस्तरही तितके उतरतील, हे मात्र कुणी मांडलेलं नसतं. ‘एलियन’मधले यानवाले असेच गणित बरोबर मांडून मेले.

आणि पीठच का? मराठी घरात वाढलेल्याला हा प्रश्न पडत नाही. कणकेचे दिवे आपण करतो, पिंड पिठाचे-भाताचे करतो, दृष्ट काढून तिठ्यावर काही टाकतो. घरातल्या माणसांनी खायचं नाही असं अन्न आपल्याला ठाऊक आहे, आणि ते कुणासाठी असतं हे विचारायचं नसतं हेही ठाऊक आहे. रांगोळीही मुळात पिठाचीच. सिनेमाने हा सारा ऐवज एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता वापरला.

मग तो हिंदीत का बोलतो? हे माझं दुखणं आहे. नावं सदाशिव, पांडुरंग, राघव. स्वयंपाकघर आपलं, नेसणं आपलं, चूल आपली. तोंड उघडलं की हिंदी. पैशाचं गणित मला कळतं. तरी कोकणातला खोतवाडा अस्सल पावसात भिजवायला जे लोक चार वर्षं थांबले त्यांनी त्या वाड्याची बोलीही तिथेच गोळा करायला हवी होती. पाऊस खरा आणि बोली उसनी, हा सांधा जुळत नाही. कंटिन्युइटी इथेही असते.

ध्वनीबद्दल थोडक्यात. कुणाल शर्मांचं ध्वनिआरेखन आणि येस्पर कीड या डॅनिश संगीतकाराचं पार्श्वसंगीत. कीड हा ‘असॅसिन्स क्रीड’सारख्या व्हिडिओ गेम्सच्या संगीतामुळे जगभर माहीत आहे. शीर्षकगीत अजय-अतुल यांचं. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी, अशी तीन फिल्मफेअर पारितोषिकं या सिनेमाला मिळाली. तिन्ही हातकामाची आहेत, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात २०१८ मध्ये याच सिनेमाने झाली, तो मान पहिल्यांदाच एखाद्या भारतीय सिनेमाला मिळाला. इथे मात्र थिएटरं फारशी भरली नाहीत. लोकांनी तो नंतर घरी बसून पाहिला, एकमेकांना सांगितला, अगदी नागझिऱ्यातल्या त्या मित्रासारखा. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. मी तेव्हा बडोद्याला जाऊन पाहिला. बाहेर पाऊस होता. पडद्यावरचा पाऊस कुठे संपला आणि पार्किंगमधला कुठे सुरू झाला, याचा पत्ता लागायला थोडा वेळ गेला.

सासवडला गेलात तर पुरंदऱ्यांचा वाडा बाहेरून बघा, आत जायचं तर परवानगी विचारून जा. सोनं शोधायला येणारे हौशी लोक कमी नाहीत, आणि वाडा सिनेमाच्या सेटइतका मजबूत नाही.

पुढच्या आठवड्यात आपण गुजरातच्याच माणसाकडे जाऊ. सुरतेचे बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हवेत नाचवून अदृश्य माणूस दाखवला आणि लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. घरात काळा दोरा असेल तर तोवर काळ्या कापडापुढे एक चमचा टांगून पाहा. आणि आमच्या बाहुलीचं विचाराल तर तिसऱ्या दिवशी तिला बुरशी आली, चौथ्या दिवशी मुंग्यांनी नेली. कट्ट्यावर दोन मिरे उरले आहेत.